तिसरा परिच्छेद

हवालदार शांताराम घाडगे ऑगस्टमध्ये गेले, आणि सप्टेंबर लागल्यावर त्यांची मुलगी अर्पिता पुन्हा गुडगावच्या कोचिंग सेंटरवर शिकवायला जाऊ लागली. तिची आई गिरिजा हिनंच तसं सांगितलं होतं. "घरी बसून काय करणार आहेस?" ती म्हणाली, आणि खरोखरच करण्यासारखं काही नव्हतं.

दिल्ली कँटोनमेंटमधलं त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर आधी होतं तसंच होतं. शांतारामांची अर्धी नोकरी सरहद्दीवर गेली होती. वर्षातून दोनदा ते सुट्टीवर यायचे, घरातले नळ आणि पंखे दुरुस्त करायचे आणि परत जायचे. त्यामुळे आता ते नाहीत म्हणून घरात काही वेगळं दिसत नव्हतं. पोस्टिंगवर गेल्यासारखंच वाटत होतं. अर्पिताला रडू आलं नव्हतं. येईल म्हणून तिनं काही दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

ते एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. कारगिलची लढाई जुलैत संपली होती. शांताराम लढाईत नव्हतेच. सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते. लढाई संपल्यावर लेहच्या रस्त्यावर त्यांचा ट्रक एका वळणावर उलटून खाली गेला. पण त्या वर्षी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली की कोणी जास्त विचारत नव्हतं. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात शाळेची पोरं रांगेनं उभी होती, घोषणा चालल्या होत्या, आणि एसटी स्टँडवर मोठा फलक लागला होता : 'कारगिलचे वीर'. अर्पितानं तो आईला दाखवला. गिरिजानं वाचला आणि पदर नीट केला.

"म्हणू दे त्यांना काय म्हणायचं ते," ती म्हणाली.

त्यानंतर दोघी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

अर्पिता दिल्ली विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज झाल्यावर ती बसनं गुडगावला जायची. तिथे तेव्हा मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. रस्ता मध्येच संपायचा आणि पुढे म्हशी बसलेल्या असायच्या. सेंटर एका नव्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टची जागा होती, लिफ्ट अजून यायची होती. अमेरिकेला जायची तयारी करणाऱ्या मुलांना अर्पिता तिथे जीआरईचं गणित शिकवायची. मुलं कंपन्यांमधल्या मोठ्या साहेबांची असायची आणि तिला दीदी म्हणायची.

सेंटर सभरवाल सरांचं. बँकेतली पक्की नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता आणि तो चांगला चालला होता. माणूस वाईट नव्हता. शांताराम गेल्यावर ते स्वतः कँटोनमेंटमध्ये येऊन गिरिजापुढे हात जोडून बसले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अर्पिताला केबिनमध्ये बोलावलं.

"बेटा, दूसरों के बच्चों को भेजती रहोगी? तुम खुद क्यों नहीं अप्लाय करती? पीएच.डी. में तो पढ़ाई का सारा खर्चा वो लोग देते हैं."

"ठीक है, सर," अर्पिता म्हणाली. नको म्हणायला काही कारण सुचलं नाही, एवढंच.

मग ते सुरू झालं. ती परीक्षेला बसली आणि चांगले मार्क मिळाले. प्राध्यापकांकडून शिफारसपत्रं आणली, मार्कशीटच्या नकला सीलबंद करून घेतल्या, युनिव्हर्सिट्यांची नावं सरांबरोबर बसून निवडली. भांडी घासावीत तशी एकामागून एक कामं ती करत गेली. जायचं आहे का, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कोणी विचारलं नाही.

राहिला होता फक्त निबंध. तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे, आमच्याकडेच का यायचं आहे, हे आपल्या शब्दांत लिहा. अर्पितानं दोन पानं लिहून सरांना दिली. सरांनी उभ्याउभ्याच वाचली.

"अर्पिता, ये तो सिलॅबस है. इसमें तुम कहाँ हो? तुम्हारे पापा कहाँ हैं?"

"पापा का स्टॅटिस्टिक्स से क्या लेना-देना, सर?"

"यार, सब उसी से लेना-देना है!" ते खुर्चीत बसले. "वहाँ हज़ार बच्चों के मार्क्स तुम्हारे जैसे होंगे. कारगिल का नाम इस साल पूरी दुनिया ने सुना है."

"सर, त्यांचा..." ती मराठीत सुरू झाली आणि थांबली. "उनका ॲक्सिडेंट हुआ था. ट्रक का."

"उधर ही हुआ ना? ऑपरेशन के लिए ही गए थे ना? तो झूठ क्या है? तुम छोड़ो, मैं ड्राफ्ट करता हूँ."

पुढच्या आठवड्यात सरांनी टाइप केलेले कागद तिच्या हातात ठेवले. पहिले दोन परिच्छेद तिचेच होते, जरा सजवलेले. तिसरा नवा होता. त्यात बर्फ होतं, शत्रूच्या तोफा होत्या, आणि सहकाऱ्यांना वाचवताना कोसळलेले एक वडील होते. कोसळण्याआधी ते मुलीला म्हणाले होते, शिकत राहा. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलीला आकड्यांमध्ये अर्थ सापडला होता.

अर्पितानं ते वाचलं. इंग्रजी चांगलं होतं. तो माणूस तिला ओळखीचा वाटला नाही, त्यामुळे वाईटही वाटलं नाही. तिनं एका ठिकाणचा स्वल्पविराम दुरुस्त केला, खाली सही केली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सगळी पाकिटं कुरिअरला दिली.

मार्चमध्ये उत्तरं येऊ लागली. दोन नकार आले. मग एक जाड पाकीट आलं : अमेरिकेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश, आणि वर सगळा खर्च भागवणारी खास फेलोशिप. सेंटरमध्ये सरांनी पेढे वाटले आणि तिचं नाव बाहेरच्या बोर्डवर लावलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका गिरिजाला भेटून गेल्या. गिरिजानं सगळ्यांना चहा केला.

"कधी जायचंय?" रात्री जेवताना तिनं विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"बरं," गिरिजा म्हणाली. "जूनमध्ये आपल्याला क्वार्टर सोडायचंच आहे."

थोड्या दिवसांनी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत अर्पितानं मेल उघडली तर तिथल्या प्रोफेसर हॅन्सन यांचा निरोप होता. बाईंनी मोकळेपणानं लिहिलं होतं. त्यांचा भाऊ व्हिएतनामच्या लढाईत गेला होता. अर्पिताचा निबंध वाचून त्यांना तो आठवला. कमिटीत फेलोशिपसाठी तिच्या नावाचा आग्रह त्यांनीच धरला. आता विभागाच्या वार्तापत्रात नव्या विद्यार्थ्यांची ओळख छापायची होती. तिच्या वडिलांचा गणवेशातला एखादा फोटो पाठवता येईल का?

घरी येऊन अर्पितानं आईला फोटो मागितला. गिरिजा गहू निवडत होती.

"कशाला हवाय?"

"युनिव्हर्सिटीला पाठवायचाय. छापणार आहेत."

"त्यांचा फोटो का छापणार? ॲडमिशन तुला मिळालीय ना?"

"मी निबंधात त्यांच्याबद्दल लिहिलंय."

गिरिजाचे हात थांबले. "काय लिहिलंस? वाच बघू."

अर्पितानं कागद आणला आणि इंग्रजी वाक्यांचं जमेल तसं मराठी करत गेली. एका शब्दाला ती अडली. "म्हणजे, पप्पांची विरासत मी पुढे नेणार, असं."

"वारसा," गिरिजा म्हणाली. "पुढे?"

अर्पितानं पुढचं वाचलं. तोफा, बर्फ, शिकत राहा. वाचून झालं तेव्हा गिरिजा ताटाकडे बघत होती.

"हे कुणाचं आहे?"

"सरांनी लिहिलं. सही माझी आहे."

"असे नाही गेले ते," गिरिजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांना घाटात गाडी लागायची. एवढा गाड्यांचा मेकॅनिक माणूस, पण स्वतः चालवत नसला की उलट्या व्हायच्या. लग्नानंतर जेजुरीला गेलो तेव्हा सारी वाट खिडकीतून डोकं बाहेर काढून होते. मला हसू येत होतं आणि ते रागावले होते. त्या दिवशी गाडी दुसरा पोरगा चालवत होता. हे शेजारी बसले होते. मी रोज तेवढाच विचार करते. त्यांना मळमळत असेल. गाडी थांबव म्हणावं असं वाटलं असेल, आणि लाजेनं म्हटलं नसेल."

अर्पिता तशीच उभी राहिली. गाडीत शेजारी बसलेले पप्पा तिला दिसले. एक हात डॅशबोर्डवर, तोंडापाशी रुमाल. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ते तिला नीट दिसले होते.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस. सगळे वीर वीर म्हणत होते, त्यात उलट्यांचं काय सांगू?" गिरिजानं ताट पुढे ओढलं. "फोटो ट्रंकेत आहे. न्यायचा तर ने. पण त्या लिहिण्याबरोबर नको."

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसून अर्पितानं प्रोफेसर हॅन्सन यांना उत्तर लिहिलं. तिसरा परिच्छेद खरा नाही. माझे वडील ट्रक उलटून गेले, लढाईत नाही. तो मजकूर दुसऱ्यानं लिहिला, पण वाचून सही मी केली. माफ करा, असंही लिहिलं, आणि तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, असंही. बाहेर येऊन तिनं बस पकडली.

उत्तर यायला बराच वेळ लागला, आणि ते बाईंचं नव्हतं, ऑफिसचं होतं. मार्कांच्या आधारावर प्रवेश कायम राहील, फेलोशिप मात्र दुसऱ्या विद्यार्थ्याला देण्यात येत आहे. म्हणजे खर्चाला पैसे नव्हते, आणि जाता येणार नव्हतं. प्रोफेसर हॅन्सन यांनी नंतरही काही लिहिलं नाही.

सभरवाल सर ओरडले. "मेरे बाकी बच्चों का सोचा तुमने? अब वो लोग यहाँ से गया हर एक निबंध शक से पढ़ेंगे!"

"सर, मी... मैंने आपका नाम नहीं लिखा."

"एहसान किया," ते म्हणाले. पुढच्या महिन्यापासून गणिताची बॅच दुसऱ्या कोणाला दिली. बोर्डवरचं नाव उतरलं.

जूनमध्ये मायलेकींनी क्वार्टर सोडलं. गावी जायचं की इथेच राहायचं हे ठरवताना गिरिजानं फार वेळ घेतला नाही. गावात जन्मभर वीरपत्नी म्हणून बसावं लागेल, असं ती म्हणाली. फरीदाबादला एका कपड्यांच्या कारखान्यात तिला शिलाई तपासायचं काम मिळालं, आणि जवळच खोली मिळाली. अर्पिता तिथल्याच शाळेत गणित शिकवू लागली. आसपास बिहारी, बंगाली, ओडिया बिऱ्हाडं होती. शांताराम कोण होते ते तिथे कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. दोघींना ते बरं वाटत होतं.

हिवाळ्यात अर्पितानं पुन्हा अर्ज केले. या वेळी का, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. पण कागद स्वतः काढून बसली, एवढं खरं. निबंध एका पानाचा झाला. त्यात वडील नव्हते. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या एका लहानशा युनिव्हर्सिटीनं तिला घेतलं. तिथे शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचं होतं, त्यातून खर्च भागणार होता.

व्हिसाच्या दिवशी दोघी सकाळीच चाणक्यपुरीला अमेरिकन वकिलातीपाशी पोचल्या. गिरिजा रस्त्यापलीकडे इतर आईवडिलांबरोबर झाडाखाली बसून राहिली. आत काचेपलीकडचा तरुण अधिकारी कागद चाळत म्हणाला, "वडील?"

"वारले. ट्रकचा अपघात."

"आणि आई?"

"फरीदाबादला असते. नोकरी करते."

"शिकून परत येणार?"

"हो," अर्पिता म्हणाली.

त्यानं शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

ती बाहेर आली तेव्हा ऊन चढलं होतं. गिरिजा तिला बघून उठली. "काय झालं?"

"झालं. मिळाला."

"काय काय विचारलं?"

"पप्पांचं विचारलं. तुझं विचारलं. परत येणार का म्हणाला."

"मग?"

"हो म्हटलं."

"खरं सांगितलंस?"

अर्पितानं रस्त्याकडे पाहिलं. "माहीत नाही, आई."

"बरं," गिरिजा म्हणाली. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून मुलीला दिली. अर्पिता ती घोट घोट पिऊ लागली, आणि पिता पिता तिचे डोळे भरून आले. रांगेतल्या दोन-तीन जणांनी वळून पाहिलं. बाटली संपेपर्यंत गिरिजा शेजारी उभी राहिली, मग बसस्टॉप कुठल्या बाजूला आहे ते कोणालातरी विचारायला गेली.