तुळशीचा आलेख

डब्लिनच्या थंडीत आईची तुळस दरवर्षी वाळते, म्हणून शाळेच्या वर्षभराच्या प्रोजेक्टला मी तीच घेतली. कुंडीत ओलावा मोजणारा सेन्सर, वर दिवा आणि सगळा डेटा थेट माझ्या फोनवर. तेवढ्यावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागले. कुंडीकडे बघायची गरजच काय?

शहराबाहेर सिटीवेस्टला इंजिनिअर असलेली अलकनंदा मावशी माझी मेंटॉर. दर शनिवारी ती फोनवर एकच विचारायची, "इरा, तुळस कशी आहे?" मी तिला आलेख पाठवायचे आणि मनात चरफडायचे, एवढी शिकलेली बाई, हिला साधा डेटा वाचता येत नाही!

प्रदर्शनाच्या दिवशी बाबांनी कुंडी गाडीतून आणली. मी तिच्याकडे पाठ करून, परीक्षकांना पडद्यावरचा आलेख दाखवत ऐटीत सांगितलं, "तुळस ठणठणीत आहे."

मावशीने एक पान चुरगळून हुंगलं.

"इरा, हा पुदिना आहे."

मी आईकडे पाहिलं.

"अगं, तुळस दिवाळीतच गेली," आई म्हणाली. "कुंडी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून पुदिना लावला. मला वाटलं, तुला माहीत आहे. रोज डब्यात त्याचीच तर चटणी नेतेस."