रमाकांतचे पाच ते सहा

वस्तूंचं युग संपलं आहे आणि माणसाने माणसाला द्यावी अशी एकच गोष्ट आता या पृथ्वीवर उरली आहे, ती म्हणजे स्वतःचा वेळ, असं आमच्या छाणीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी सुभानराव यांनी गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माइकवरून जाहीर केलं. सभा संपल्यावर या निर्णयाची आठवण म्हणून प्रत्येक घराला एकेक स्टीलचा डबा वाटण्यात आला.

तेव्हापासून आमच्याकडे मिठाईची खोकी फिरत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात प्रत्येक घराने, आपण दुसऱ्यासाठी काय करू ते चिठ्ठीवर लिहून क्लबहाउसमधल्या तांब्याच्या कळशीत टाकायचं. मग पाडव्याला, म्हणजे आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या बेसत्या वर्षाला, सालमुबारक वगैरे झालं की प्रत्येक घराने एक चिठ्ठी काढायची. ज्याला निघेल त्याने बोलवायचं. देणाऱ्याने आपण होऊन जायचं नाही, नाहीतर त्याचे उपकार होतात. कुणी महिनाभर कुत्रा फिरवून आणतं, कुणी मुलांचं गणित घेतं. एका बाईंनी 'तुमच्या सासूबाईंचं सगळं ऐकून घेईन' असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी ज्यांना निघाली त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

यंदा मला निघालेली चिठ्ठी अशी होती: 'रोज संध्याकाळी पाच ते सहा येऊन बसेन. बोलेनच असं नाही. रमाकांत, ब-२०४.'

रमाकांत आषाढात गेला. बातमी पक्की आहे, मी स्मशानात होतो.

सुभानराव आधी पांढरे पडले, मग सेक्रेटरी झाले. म्हणाले, कळशीचं तोंड अरुंद, आत कोण बघतो, गेल्या वर्षीची एक तळाला राहिली असणार, तुम्ही दुसरी काढा काका. मग गेल्या वर्षी कोणतं घर काढायला आलं नव्हतं, ते आठवायला लागले. मला आठवावं लागलं नाही. आमची चिठ्ठी माझ्या बायकोने, अहल्याने, आधीच टाकून ठेवली होती. ऐन पाडव्याला तिला ताप आला, आणि मी वर पेपर वाचत बसलो, कारण खाली कळशीपाशी रमाकांत उभा असणार होता.

मी आणि रमाकांत जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमधले, त्या गल्लीत भिंतीला भिंत लागून वाढलेलो. साठ वर्षांची ओळख; मला लखू म्हणणारा तो एकच उरला होता. रमाकांत प्रत्येक कार्यक्रमात आभार मानायचा. मांडववाल्याचे, वायरमनचे, न आलेल्या पावसाचे. आणि मानता मानता खरोखर रडायचा. तीन वर्षांपूर्वी गणपतीत मी त्याची नक्कल केली, हुंदक्यांसकट, खिशातून रुमाल काढून. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. रमाकांतनेही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्याने माइक हातात घेतला नाही. जिन्यात भेटला की मला नमस्कार करायचा. साठ वर्षांच्या मित्राला, हात जोडून, नमस्कार.

मी माफी मागणारच होतो. चांगल्या प्रसंगाच्या शोधात होतो.

चिठ्ठी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. प्रतिमावहिनींनी ती दोनदा वाचली. मला वाटलं, ठेवून घेतील. त्यांनी घडी घालून परत दिली.

"म्हणजे तुम्हाला होती तर," त्या म्हणाल्या. "गेला पाडवा झाल्यापासून रोज पावणेपाचला इस्त्रीचा सदरा घालून, पायांत चपला घालून दाराशी बसायचे, भावजी. सहा वाजले की चपला काढायचे. मी म्हटलं, अहो, कुणाला निघाली ते विचारून तरी या. तर म्हणाले, त्याने बोलवायचं, तसं ठरलंय."

"किती दिवस?"

"आषाढापर्यंत," वहिनी म्हणाल्या आणि फराळाची ताटली माझ्यापुढे सरकवली.

घरी येऊन मी अहल्याला सांगितलं की उद्यापासून पाच वाजता गॅलरीत दोन खुर्च्या लागतील. बायको म्हणून तिने काहीतरी विचारायला हवं होतं. तिने वेताची खुर्ची पुसून दिली.

भाऊबीजेला पाच वाजता मी गॅलरीतून ब विंगकडे तोंड करून म्हटलं, "रमाकांत, ये." खाली बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांनी वर पाहिलं. जरा वेळाने जिन्यात चपलांचा आवाज आला, आमच्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला. दार उघडून पाहिलं तर कुणी नाही. मी दार तसंच उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बोलावून मिनिटही झालं नसेल, समोरच्या खुर्चीचा वेत कुरकुरला आणि मधोमध हळूहळू खाली गेला, रमाकांतच्या वजनाइतका. सहाला पुन्हा वर आला. मधला तासभर मी गॅलरीच्या गजांकडे बघत होतो. इस्त्रीच्या सदऱ्याचा तो किंचित करपट वास येत होता.

तिसऱ्या दिवशी अहल्याने चहाचे दोन कप आणले, खुर्चीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. आत जाताना मला हळूच म्हणाली की ते येतात आणि तुम्ही गप्प बसता, हे बरं दिसत नाही.

बोलायला मला काय जात होतं? पण तीन वर्षं गप्प असलेल्या माणसाला बोलतं करायचं, आणि तो बोललाच नाही तर? जिवंत होता तेव्हा निदान उद्या होता. आता तो किती दिवस येणार, कुणाला ठाऊक. एकदा, एकदाच त्याने माझ्याशी जुन्यासारखं बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायचा हक्क मी स्वतःच गणपतीत रुमालाने पुसून टाकला होता.

दिवाळीनंतर लाभपाचमेला बाजार उघडला, मी तोंड उघडलं. वेत खाली गेला होता. ऊन कठड्यावरून उतरत होतं.

"रमाकांत," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या रडण्याची नक्कल केली. तुझं रडणं खरं होतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच नक्कल इतकी चांगली झाली. माफ कर मला."

खुर्ची हलली नाही. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, बंद केली. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. माझा चहा थंड झाला, त्याच्या कपातून अजून वाफ निघत होती. आतल्या घड्याळात सहाचे ठोके पडले. वेत वर येईल म्हणून मी बघत राहिलो. वेत वर आला नाही. गॅलरीत अंधारायला लागलं, आणि अगदी जवळून, पोळमधल्या भिंतीपलीकडून यायचा तसा आवाज आला.

"लखू, उद्या इथे एक उशी ठेव. पाठ धरते."