चौसष्ट मीटर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती गेली बावीस वर्षं नकाशे काढत होती. हुद्दा आरेखकाचा, पण शिपायापासून मुख्य अभियंत्यांपर्यंत सगळे तिला नकाशेबाईच म्हणत. शहराच्या पोटातून कुठला नळ कुठून जातो, कुठे वळतो, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या झाकणाखाली दडलाय, हे तिला तोंडपाठ होतं. सुरुवातीची काही वर्षं ती कागदावर शाईने नकाशे काढायची, नंतर संगणक आला. आताचा संगणक सहा वर्षांचा होता आणि सहा वर्षांत त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

त्याचं हे सुख बहुधा संगणकप्रमुखांना बघवलं नाही. या गृहस्थांना कार्यालयात ‘परिपत्रक’ असं नाव पडलं होतं, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पंखा कमी करायला सांगायचं असलं तरी ते लेखी कळवत. एका सोमवारी त्यांचं परिपत्रक आलं: सर्व संगणकांच्या मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, शुक्रवारपर्यंत अद्ययावत करण्यात येईल, त्यामुळे यंत्रांचं स्थैर्य वाढेल, सर्वांनी सहकार्य करावं.

“माझं स्थिरच आहे की,” नकाशेबाई म्हणाली.

“आणखी वाढेल,” संगणक विभागातून आलेला माणूस म्हणाला. त्याने कसलीशी पट्टी भरेपर्यंत वाट पाहिली, यंत्र बंद करून चालू केलं, सही घेतली आणि तो पुढच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पडदा निळा झाला आणि संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. जेवणानंतर तेच, आणि संध्याकाळी निघता निघता पुन्हा तेच. बुधवारी तिने मोजलं, पाच वेळा. दर वेळी तिचं अर्धं काम पाण्यात जात होतं, आणि पाण्याच्या कार्यालयात ही गंमत सांगून लोक हसले की तिचं डोकं आणखी उठत होतं.

ती संगणक विभागात गेली. परिपत्रकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तुमच्या यंत्राचं अद्ययावतीकरण यशस्वी झालंय,” ते म्हणाले. “नोंद आहे.”

“झालंय खरं. पण तेव्हापासून ते दिवसातून पाचदा बंद पडतंय.”

“मग वापरात काही तरी होत असेल. तुम्ही किल्ल्या फार जोरात दाबता का?”

“बावीस वर्षं नाजूक रेषा ओढणारा हात आहे, साहेब. मी चमच्यालासुद्धा जोर लावत नाही.”

“तक्रारीचा अर्ज भरा. ऑनलाइन आहे.”

अर्ज चार पानी होता. दोनदा ती तिसऱ्या पानावर असतानाच संगणक बंद पडला. तिसऱ्यांदा तिने नाद सोडला.

बंद पडण्यापुरतंच असतं तर ती कदाचित गप्प बसली असती. पण पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीत नळ फुटला. खोदाईच्या टोळीचा मुकादम वर आला आणि ताजा छापलेला, मुख्य अभियंत्यांच्या सहीचा नकाशा घेऊन गेला. तासाभराने खालून दगड फोडल्याचा आवाज येऊ लागला. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं तर टोळी कार्यालयाच्याच आवारात, मुख्य अभियंत्यांच्या गाडीच्या राखीव जागेवर खोदत होती. गाडी बाजूला ढकलून ठेवलेली होती आणि खड्डा माणसाच्या छातीएवढा झाला होता.

“मुकादम, इथे काय करताय?” तिने वरूनच विचारलं.

“व्हॉल्व्ह शोधतोय, बाई. नकाशात इथेच दाखवलाय.”

ती जिना उतरून खाली आली. नकाशा पाहिला. व्हॉल्व्हची खूण खरोखरच गाडीच्या जागेवर होती.  तो व्हॉल्व्ह गल्लीत, शिंप्याच्या दुकानासमोर होता. तो तिथे बसवला तेव्हा तिने स्वतः टेप धरली होती. ती धावत वर गेली, कपाटातून जुना कागदी नकाशा काढला आणि मुकादमाला घेऊन गल्लीत गेली. तोवर शिंप्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढलं होतं आणि तो कापडाचे तागे उचलून टेबलावर ठेवत होता. पाण्यात हात घालून मुकादमाने झाकण चाचपडलं, उघडलं, चाक फिरवलं. पाणी थांबलं.

मग तिने एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. व्हॉल्व्हपासून खड्ड्यापर्यंतचं अंतर टेप लावून मोजलं. चौसष्ट मीटर. ना एक इंच कमी, ना एक इंच जास्त.

रात्रीच्या जेवणाला नणंद आली होती. तिचं बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. नकाशेबाई लग्न होऊन आली तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जाणारी ही नणंद तिच्या हाताखाली अभ्यास करायची, आणि घरात अजूनही सगळे तिला ठमीच म्हणत. नकाशेबाईने ताटं वाढता वाढता सगळी हकीगत सांगितली. ठमीचा घास हातातच राहिला.

“बरोबर चौसष्ट, वहिनी?”

“अगदी बरोबर.”

“माणसाच्या हातून चूक झाली तर ती साठ-बासष्ट अशी कशीही होते. बरोबर चौसष्ट म्हणजे रॅमचं, संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचं काम. संगणकातला आकडा शून्य-एकांचा असतो, त्यातला एक उलटा झाला की आकडा दुपटीच्या पायऱ्यांनीच सरकतो. बत्तीस, चौसष्ट, एकशेअठ्ठावीस. रॅमच्या पट्ट्या किती आहेत आत?”

“चार. दोन मूळच्या, दोन नंतर टाकलेल्या.”

“वेगवेगळ्या कंपन्यांच्या?”

“असतील. आमच्या कार्यालयातल्या, आता निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाने टाकल्या होत्या.”

“त्याने शहाणपणाने वेग कमी करून ठेवला असणार. नवीन फर्मवेअर टाकलं की जुन्या सेटिंग पुसल्या जातात, आणि ते पट्ट्यांना त्यांच्या पाकिटावर छापलेल्या वेगाने पळवतं. चार पट्ट्या, दोन जातीच्या. दम लागणारच. मग कधी पडतात, कधी चुकीचं लक्षात ठेवतात.”

“आणि मी तेच नकाशात जपून ठेवते.”

“तू काय करणार? उद्या आधी तपासणी लाव, संगणकातच असते. मग कुठे काय बदलायचं ते मी लिहून देते.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला ठेवून तपासणी लावली. वीस मिनिटांत पडद्यावर लिहून आलं की रॅममध्ये दोष आढळले. तिने त्याचा फोटो काढला. मग ठमीच्या चिठ्ठीप्रमाणे यंत्र सुरू होताना एक किल्ली दाबून धरली, आत शिरली, रॅमचा वेग खाली आणला आणि बाहेर आली. सगळं मिळून दोन मिनिटं. पुन्हा तपासणी लावली. दोष नव्हता. त्या दिवशी संगणक एकदाही बंद पडला नाही. ती उरलेला आठवडा जुने कागदी नकाशे समोर ठेवून, बोटाने एकेक रेष तपासत बसली. आणखी तीन खुणा सरकलेल्या सापडल्या. एक बत्तीस मीटर, दोन चौसष्ट.

इकडे खड्ड्याची चौकशी करायला समिती बसली. समितीत परिपत्रक होते, मुख्य अभियंत्यांचे स्वीय सहायक होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेले एक उपअभियंते होते. नकाशेबाईला साक्षीला बोलावलं. तिने फोटो दाखवला, जुना नकाशा पसरला, चौसष्टचं गणित सांगितलं.

“म्हणजे तुमचं म्हणणं,” स्वीय सहायक म्हणाले, “साहेबांनी चुकीच्या नकाशावर सही केली?”

“साहेबांनी सही केली तेव्हा नकाशा आधीच चुकला होता.”

“असं लिहिता येणार नाही.”

“आणि अद्ययावतीकरण यशस्वी झाल्याची नोंद आहे,” परिपत्रक म्हणाले. “साहेबांची सही आणि आमची नोंद, दोन्ही खोट्या कशा असतील?”

समितीने तीन बैठका घेऊन मार्ग काढला. सही झालेला नकाशा बरोबर आहे, असं ठरलं. व्हॉल्व्ह मात्र नकाशाप्रमाणे बसवलेला आढळला नाही, ही उणीव दूर करावी. त्यानुसार मुकादमाने त्या खड्ड्यात विटांची चौकट बांधली, एक नवा कोरा व्हॉल्व्ह ठेवला आणि वर लोखंडी झाकण बसवलं. त्या व्हॉल्व्हला खालून नळ नव्हता, वरून नव्हता, कुठूनच नव्हता. मुख्य अभियंते आपली गाडी रस्त्यावर उभी करू लागले.

बातमी मात्र फुटली होती. आधी शेजारच्या खोलीतला बिलांचा कारकून आला, जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून. “माझाही पडतो, बाई. सांगायची लाज वाटत होती.” मग पत्रव्यवहारातल्या दोघी आल्या. मग लोक घोळक्याने येऊ लागले. ती प्रत्येकाच्या यंत्रापाशी दोन मिनिटं बसायची आणि उठायची. महिनाभरात वरचा आणि खालचा, दोन्ही मजले शांत झाले.

शेवटी एका दुपारी खुद्द परिपत्रकांचा फोन आला. लेखी नव्हे, फोन. ती त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, मग स्वतः उठून दार लावलं.

“माझं यंत्र,” ते हळू आवाजात म्हणाले, “नवीन फर्मवेअर सगळ्यांआधी यातच टाकलं, तेव्हापासून पडतंय. ते सोमवारचं परिपत्रक मला त्यापायी चार वेळा लिहावं लागलं.”

ती त्यांच्या यंत्रासमोर गेली. बसली, किल्ली दाबून धरली, वेग खाली आणला. ते तिच्या खांद्यावरून शाळकरी पोरासारखे बघत होते.

“आभारी आहे,” ते म्हणाले. “आता नोंदवहीत ‘नियमित देखभाल’ एवढंच लिहू या.”

तिने नोंदवही ओढून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि नकाशातल्या अक्षरांसारखं सुबक लिहिलं: फर्मवेअर बदलल्यानंतर रॅम अस्थिर झाली. वेग कमी केला. आता ठीक. खाली सही केली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

परिपत्रकांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. त्यांनी एकदा संगणकाकडे पाहिलं. तो गुमान चालला होता. मग त्यांनी पेन उचललं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.

“प्रत काढू नका फक्त,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन अपुऱ्या राहिलेल्या नकाशाला लागली.