तपकिरी कडांच्या पेशी

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, तपासणीच्या खोलीत खिडकीशेजारी माझी जागा आहे. माझी भिंगे कारखान्यातल्या कसबी हातांनी घासून घडवली. नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! पुढे पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आले आणि मी बाजूला पडलो. माझ्यावर कोणी ओला कोटही टाकी. या खोलीतल्या डॉक्टरबाई मात्र म्हणत, "माझा डोळा याच्यावरच बसलाय."

एके दिवशी एक बाई काचपट्टी घेऊन आल्या. त्यांचे दादा पोहायला शिकवणारे मास्तर. त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. बाहेरच्या तपासणीत तो नेहमीचा, झपाट्याने पसरणारा कर्करोग ठरला होता.

"एकदा पुन्हा बघता का? दादा हातपाय गाळणाऱ्यातला नाही, पण आता जेवायलासुद्धा उठत नाही."

डॉक्टरबाई माझ्यावर वाकल्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "या पेशी त्या रोगासारख्या दिसत नाहीत. हा दुसराच, सावकाश वाढणारा प्रकार असावा. कशा घोळक्याने बसल्यात बघा."

"उगाच आशा लावू नका त्यांना."

"आशा नाही लावत, सर. रंग लावते."

पेशीच्या कडेवर काही खास रेणू असतात. ते बाहेरून येणारा ठराविक रेणूच ओळखून धरतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. औषधाला धरून ठेवतील असे रिसेप्टर सगळ्याच गाठींत सापडत नाहीत. ते असले तरच दिसेल असा रंग डॉक्टरबाईंनी बहिणीने सोबत आणलेल्या गाठीच्या तुकड्याला दिला आणि नवी काचपट्टी माझ्यावर ठेवली. काजळ रेखावे तशी प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड उमटली होती!

मोठे डॉक्टर स्वतः वाकले. "अहो, खच्चून भरलेत की," ते पुटपुटले. "चुकलो मी. चला, कामाला लागू."

मग औषध ठरले. ते रक्तातून गेले, त्या रिसेप्टरांना जाऊन बिलगले आणि सोबत नेलेल्या किरणोत्सारी अणूंचे किरण त्याच पेशींवर सोडू लागले. गाठ आक्रसत गेली. शेवटी शल्यविशारदांनी ती मुळासकट काढली.

आणि मास्तर आले! स्वतःच्या पायांनी, तलावावरून थेट, ओल्या केसांनी. त्यांनी माझ्यातून आपलीच काचपट्टी पाहिली.

"ही माझी गाठ? दिसायला छानच आहे की."

"दादा, तिचं कौतुक पुरे," बहीण म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्या क्षणी जगातल्या कुठल्याही नव्या यंत्राचा मला हेवा वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझा एखादा भाऊबंद पडून असेल. त्याची धूळ झटका, भिंग मऊ कापडाने पुसा आणि डोळा लावून नीट बघा. आणि बघून झाले की, पुन्हा एकदा बघा.