एक छताला, एक पायाला

त्याला गल्लीत सगळे भिंगरी म्हणायचे. नाव पडलं ते कामामुळे. खोलीच्या मधोमध ट्रायपॉड रोवायचा, त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला ती फुगीर डोळ्याची लेन्स, आणि मग लेन्सच्या पाठीशी राहून आपणही गोल फिरायचं. सहा फोटो भोवतीचे, एक वरचा, एक खालचा. आठही कॉम्प्युटरवर जोडले की अख्खी खोली चेंडूसारखी मिटते, आणि बघणारा तिच्या पोटात उभा राहून हवी तिकडे मान वळवतो.

जोडायचं काम बायकोचं. तिला सगळे भिंगरीवहिनी म्हणत. पहिल्या वर्षी तो मोजणी विसरायचा, सहाच्या जागी पाच फोटो घेऊन यायचा, आणि जोडताना भिंतीला भगदाड पडायचं. तेव्हा तिनं गाणं रचून दिलं होतं:

एक दाराला, दोन भिंतीला,
तीन खिडकीला, चार उजेडाला,
पाच कोपऱ्याला, सहा परतीला,
एक छताला, एक पायाला.

ती लेन्स मोठी लबाड. समोरचं तर बघतेच, कानामागचंही टिपते. पण वीस वर्षांत एकाही फोटोत त्याचं कोपर आलं नव्हतं, की पिशवी घेऊन सोबत फिरणाऱ्या बायकोची सावली. या एका गोष्टीची त्याला मिजास होती.

वाचनालयाच्या कामात ती मिजास मोडली.

ग्रंथपालबाईंनी विचारलं होतं, "मी इथेच बसले तर चालेल?"

"टेबलाखाली चालेल," तो म्हणाला, आणि बाई हसत बाहेर गेल्या.

घरी येऊन बायकोनं तिसरा फोटो उघडला, तर डाव्या कडेला ती स्वतःच उभी. खांद्याला पिशवी, कडेला ओढून रबरासारखी ताणलेली. आधी तिला हसू फुटलं. मग आठवलं, ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. फोटो घेऊन त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवर तो पाहिलाही होता, आणि म्हटलं होतं, "झकास. पुढे."

शेजारच्या फोटोतलं कपाट उचलून तिनं स्वतःवर ठेवलं. झाली असेल नजरचूक.

पुढच्या चार महिन्यांत, ही धरून, अशा अकरा नजरचुका झाल्या. अकरा वेळा तिनं स्वतःला पुसलं. कधी पडद्यानं, कधी रिकाम्या भिंतीनं. त्याला सांगायला तिची जीभ रेटेना.

एकदा तो टेबलाशी बसून लेन्स पुसत होता. ती चहा घेऊन आली आणि त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहिली. तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "अगं, चहा आणतेस, का मीच रोप लावू?"

कप तिच्या हातात होता. वाफ त्याच्या कानाशी चालली होती. ती पावलं न वाजवता उलटी गेली, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिथून म्हणाली, "आणते की! दारात घोडा उभा आहे का तुमचा?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "कडेची नजर आधी जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंबांनी सांभाळायची. कधीपासून आहे हे?"

"आत्ताआत्ताच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "आत्ताआत्ताच," तीही म्हणाली.

वाटेत तो म्हणाला, "गंमत बघ. जन्मभर रुंद लेन्स वापरली, आणि डोळ्यांना लागली दुर्बीण." तिला हसता आलं नाही.

घरी येताच तिनं त्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि अकराही मूळ फोटो उघडले. तो मान हलवत हलवत एकेक पडदाभर चित्र चाचपत गेला.

"ही कोण?"

"मी."

"ह्याच्यातही?"

"सगळ्यांत. चार महिने झाले. मी पुसत गेले. तेव्हाच बोलले असते, तर थोडं तरी वाचलं असतं हो."

त्यानं फोटोतल्या तिच्यावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "मला कळत होतं गं. दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, तेव्हाच. म्हटलं, जोडणारी तू. तुला दिसेल, तू विचारशील. तू विचारलं नाहीस. म्हटलं, मग नसेलच काही."

तिनं एकेक करून फोटो मिटले.

त्यानं लेन्स डब्यात घातली. दोन दिवस घरात थेंबांपुरतं बोलणं. "डावा." "हं." "उजवा." "हं."

तिसऱ्या दिवशी थेंब घालून झाल्यावर तो उठला आणि खोलीच्या मधोमध, ट्रायपॉड ठेवतात तसा, उभा राहिला.

"जगाच्या खोल्या जोडल्या. आपली राहिली."

"लेन्स काढू?"

"नको. मला फिरव."

तिनं मागून त्याचे खांदे धरले. "एक दाराला." सवयीनं हात जेवढा फिरायचा तेवढा फिरवला. "दोन भिंतीला."

"थांब. मधलं राहिलं. दार गेलं आणि एकदम भिंतच आली."

तिला हे कळायला हवं होतं. लेन्स अरुंद झाली की फोटो वाढतात, आणि मागच्या फोटोतलं थोडं पुढच्यात असावंच लागतं. नाहीतर जोडायचं कशाला कशाशी? तिनं त्याला परत दारापाशी आणलं आणि चारच बोटं फिरवलं. दाराची कडी. दाराची कड. कडेशी टांगलेली छत्री. सहा संपले तेव्हा खिडकीही आली नव्हती. गाणं पुरेना. ती जमेल तसं जोडत गेली: सात खिळ्याला, आठ पडद्याला, नऊ तुमच्या त्या मोडक्या खुर्चीला. परतीला पोचेपर्यंत एकोणीस झाले.

"छताला," ती म्हणाली. वर बघताना त्याचा तोल गेला, तशी ती पुढे येऊन त्याला धरून उभी राहिली.

"पायाला."

त्यानं मान खाली घातली. आधी तिचा एक पाय पाहिला, मग मान हलवून दुसरा.

"आलीस मध्ये," तो म्हणाला.

ती सवयीनं मागे सरकायला गेली. त्यानं तिचा हात धरून ठेवला.

"राहू दे. पुसू नकोस."