उघड्या दारातला नाद

मित्रांनो, कोणी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं की मला आजही काठापासून बुडापर्यंत लाज वाटते. मी काशाचा एक जुना वाडगा आहे. सात भाग तांबं आणि दोन भाग कथील एकत्र वितळवून बार्शीच्या एका कासाराने मला घडवलं. त्याने मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं आणि तापलेला असतानाच पाण्यात बुडवलं. म्हणून मी ठिसूळ झालो नाही. माझा आवाजही लांबतो. काठावर टिचकी मारलीत तर वीस आकडे मोजेपर्यंत मी थरथरत राहतो.

येडशीजवळच्या एका गावातले व्यापारी चन्नबसप्पा यांनी मला विकत घेतलं आणि छोट्या आगगाडीतून मांडीवर ठेवून घरी आणलं. माझं काम साधं होतं. तळपायांना तूप लावून त्यावर माझं बूड घासायचं. त्याने अंगातली उष्णता उतरते, असं घरात मानत.

एकदा ज्वारीचं पोतं उचलताना चन्नबसप्पांची पाठ धरली. त्यांची सून शांताक्का हिने माझ्यात गरम तेल ओतलं आणि शेकण्यासाठी मला त्यांच्या पाठीवर ठेवलं. तेल ढवळताना लाकडी पळी माझ्या काठावर आपटली.

"हात सुटला, मामा," ती घाबरून म्हणाली.

"सुटू दे. परत आपट."

"तेल सांडंल की."

"सांडू दे. आत मुंग्या चालल्यावानी झालं बघ. आपट म्हणतो ना."

त्या दिवसापासून माझं काम बदललं. शांताक्काने पळीच्या टोकाला चिंधी गुंडाळली. माणसाला घोंगडीवर पालथं झोपवायचं, मला खांद्यांच्या मधोमध ठेवायचं आणि हलके ठोके द्यायचे. माझा थरकाप त्याच्या पाठीत उतरे, श्वास लांब होई, खांदे खाली येत. हे नेमकं कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मला पाण्याने भरून वाजवलंत तर पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. तसंच काही अंगात होत असावं, असा माझा अंदाज आहे. मोडलेलं हाड मी कधी जोडलं नाही. ताप कधी उतरवला नाही. काळजीने आवळलेलं अंग मात्र सैल होई.

चन्नबसप्पांनी दोन नियम घालून दिले होते. नाद चालू असताना दार लावायचं नाही. ज्याला ऐकायचं त्याने उंबऱ्याशी येऊन बसावं, कारण नाद एकट्याचा नसतो, असं ते म्हणत. दुसरा नियम असा, की अंग सैल झाल्यावर माणूस जे बोलेल ते तिथेच सोडून जायचं. शेवटी शांताक्का माझ्यात पाणी भरी आणि ते परसातल्या बेलाच्या बुंध्याशी ओती. बोललेलं सगळं त्या पाण्याबरोबर मातीत गेलं, असं समजत. चन्नबसप्पा वारले, तरी नियम राहिले. सतरा वर्षांत ते कोणी मोडले नाहीत. किती सासवांच्या तक्रारी आणि किती सुनांचं रडणं त्या बेलाने पिऊन टाकलं, त्याची गणती नाही.

लोक मला हात लावून नमस्कार करत. मला गर्व झाला. कुठलीही गाठ मी सोडवू शकतो, असं मला वाटू लागलं.

मग ते साल आलं. निजामाच्या राज्यात त्या वर्षी कोणाचंच अंग सैल नव्हतं. गावातला तरुण शेतकरी बब्रुवान सरहद्दीपलीकडच्या छावणीतून निजामाविरुद्धची पत्रकं आणून वाटायचा. ठाण्याचे लोक त्याला शोधू लागले आणि तो नाहीसा झाला. त्याची बायको धुरपताबाई हिला ठाण्यात नेऊन दोनदा विचारलं. "मला ठावं न्हाय," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिचा जबडा इतका घट्ट बसला, की तिला भाकरी चावता येईना.

शांताक्का तिला हाताला धरून घेऊन आली.

"आक्का, मला बरं हाय," धुरपताबाई दातांतून म्हणाली.

"बरं हाय तर आंबील पिऊन का जगतीस? लई मोठी शानी. पड इथं."

मोठ्या बाईचा शब्द तिला मोडवला नाही. ती पालथी झोपली. तिच्या दोन खांद्यांमध्ये कवठासारखी टणक गाठ मला लागली. त्या गाठीला मी आजार समजलो. ती कशासाठी बांधली आहे, हा विचार माझ्या मनातही आला नाही. पहिल्या पाच ठोक्यांना तिचं अंग मला आत घेईना. मी हट्टाला पेटलो. नवव्या ठोक्याला गाठ सुटली आणि धुरपताबाई रडू लागली.

"रामलिंगाच्या देवळामागल्या घळीत हायती, आक्का," ती घोंगडीत तोंड खुपसून म्हणाली. "तीन दिस झालं, भाकर पोचली न्हाय."

दार उघडं होतं. उंबऱ्याशी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि शेजारचा हिंमतराव बसला होता. शांताक्का पाणी आणायला उठली. ते बेलाला घालेपर्यंत कोणी जायचं नसतं. हिंमतराव त्याआधीच उठून गेला. मी ते पाहिलं. पण मला कोणी वाजवल्याशिवाय आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बब्रुवानाला घळीतून बांधून नेलं. दुपारी धुरपताबाई अंगणात आली. ती ओरडली नाही.

"म्या दातात धरलं हुतं, आक्का," ती म्हणाली. "तुमी सोडवलंसा."

एवढं बोलून ती गेली. शांताक्का ओसरीवर बसून राहिली. कुठून बातमी फुटली ते तिला कळेना. सतरा वर्षांचा नियम कोणी मोडेल, हे तिच्या मनात येत नव्हतं.

आठ दिवसांनी हिंमतराव मान वाकडी करून आला. मान धरली होती. शांताक्काने मला त्याच्या पाठीवर ठेवलं. मित्रांनो, मुकं व्हावं असं मला त्या दिवशी फार वाटलं. पण काशाला ठोका बसला की त्याला वाजावंच लागतं. धुरपताबाईच्या पाठीत उतरलो तसाच मी त्याच्याही पाठीत उतरलो. त्याची मान सुटली आणि तोंडही.

"माज्या पोराला ठाण्यात बसवून ठिवलं हुतं, आक्का. बब्रुवानाचा ठिकाणा सांग, मग सोडतो म्हणले."

शांताक्काचा हात थांबला. तिने माझ्या काठावर तळवा ठेवून माझा नाद मध्येच तोडला.

"उठा, हिंमतराव."

"आक्का, पाणी..."

"पाणी आज वतणार न्हाय."

तो खाली मान घालून गेला. शांताक्काने कोणाला काही सांगितलं नाही, पण तिने मला फडताळाच्या वरच्या फळीवर उपडं ठेवलं. माझ्यावर धूळ बसली, हिरवट डाग चढले. कोणी विचारलं तर ती म्हणे, "वाडग्याचा आवाज गेला." मला ते खोटं वाटत नसे.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं आणि बब्रुवान सुटून आला. तो जिवंत होता. पण त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते आणि भांडं पडलं तरी तो दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचा. दिवाळीनंतर एका दुपारी धुरपताबाई शांताक्काच्या दारात आली.

"आक्का, ते भांडं खाली काढा."

शांताक्काने मला राखेने आणि लिंबाने घासलं. दोघी मला बब्रुवानाकडे घेऊन गेल्या. आत शिरताच धुरपताबाईने दार लावलं, अडसर घातला आणि त्याला पाठ टेकून बसली.

"पाठीला लावू का?" तिने नवऱ्याला विचारलं. "नगं म्हणलासा तर नगं."

बब्रुवानाने हात पुढे केले. मग त्याने मला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि नखाने काठावर अगदी हलकी टिचकी मारली. नाद संपेपर्यंत तो ऐकत राहिला. पुन्हा टिचकी मारली. त्या दुपारी कोणी काही बोललं नाही आणि मीही कोणाकडून काही काढून घेतलं नाही. त्याचे खांदे बोटभर खाली आले. बोटभरच; मी नीट पाहिलं.

"पाणी आणू का?" शांताक्काने हळूच विचारलं.

"कोण काय बोललंच न्हाय, तर पाणी कशाला?" धुरपताबाई म्हणाली. "उद्या परत आणा."

ती स्वतः मात्र माझ्याखाली पुन्हा कधी झोपली नाही. तिचा जबडा जेवताना अजून कट्‌ असा वाजायचा. तो आवाज माझ्या सगळ्या नादापेक्षा लहान होता, पण मला तोच ऐकू येई.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. मला चिंचेने घासा किंवा घासू नका; फळीवर ठेवा, नाहीतर चुलीशी. पण कोणी दात आवळून बसलेलं दिसलं, तर ते सैल करायला लगेच धावू नका. आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर उठा आणि दार लावून घ्या.