बॅगेवरचे टॉवेल

चार वर्षे ओळीने आमचा संघ न्यूझीलंडकडून हरून गोल्फची ढाल गमावत आला होता. संघात ऑस्ट्रेलियातले पहिले सहा हौशी गोल्फपटू. एकेकटे खेळताना त्यांच्यासमोर टिकणारे फारसे कोणी नव्हते. तेव्हा दोष साहित्यातच असणार, असा निष्कर्ष काढून मंडळाने चेंडू मारायच्या काठ्या, म्हणजे क्लब, तपासायला मला बोलावले. जीलाँगच्या कारखान्यात सदतीस वर्षे मी यंत्रकामाची हत्यारे घडवली आहेत.

सामन्यांच्या आदल्या दिवशी क्लबहाउसमागच्या शेडमध्ये मी चौऱ्याऐंशी क्लब मोजले. तोंडाचा कल, दांड्याची लांबी, वजन. कुठेही अर्ध्या अंशापेक्षा अधिक फरक नव्हता. तंत्रशाळेतले आमचे शिक्षक म्हणत, की मापे बरोबर येऊनही यंत्र अडत असेल, तर आपण भलताच भाग मोजला आहे असे समजावे.

हेमिश ऑर दारात उभा होता. गिप्सलँडमधल्या घरच्या दुग्धशाळेतला हा छत्तीस वर्षांचा माणूस सहा वर्षे संघात होता, पण जोडीच्या सामन्यात एकदाही जिंकला नव्हता. वडिलांचे गुडघे गेल्यामुळे पुढच्या वर्षापासून गाई त्यालाच बघायच्या होत्या. उद्याचा त्याचा शेवटचा सामना.

"सापडलं का काही, नेव्ह?"

"नाही."

"निदान माझा एखादा क्लब तरी वाकडा काढायचास. घरी सांगायला झालं असतं."

दुपारी त्याचा जोडीदार निको लास्कारिस याच्याबरोबर त्याचा सराव होता. वही घेऊन मी मागोमाग चाललो. या प्रकारात दोघांत एकच चेंडू असतो. एक फटका याचा, पुढचा त्याचा, आणि कमी फटक्यांत चेंडू आत घालणाऱ्या जोडीला तो खड्डा. नोंदी घेता घेता माझ्या लक्षात आले, की हेमिश चेंडू दरवेळी खड्ड्यातल्या झेंड्यापासून सत्तर मीटरवर आणून ठेवतो. सत्तर हे त्याचे आवडते अंतर; पण तिथून पुढचा फटका निकोचा, आणि निको सत्तरावरून हमखास चुकत होता. निकोही हेमिशसाठी चेंडू स्वतःच्याच आवडत्या अंतरावर ठेवी. पुढचा फटका जणू आपणच मारणार आहोत, अशी प्रत्येकाची मांडणी होती.

मग मला टॉवेल दिसला. हेमिशने बॅगेतून क्लब उपसला आणि आतल्या बाकीच्या क्लबांवर टॉवेल टाकला. तीन फुटांवरचा निको सभ्यपणे दुसरीकडे पाहत राहिला.

यात नवल काहीच नव्हते. कोणता क्लब मारलास असे प्रतिस्पर्ध्याला विचारले की दंड. त्याच्या बॅगेत पाहून कोणता कमी आहे ते ओळखलेले चालते, टॉवेल बाजूला सारलेला चालत नाही. म्हणून आमच्याकडे बाराव्या वर्षापासून प्रत्येकजण टॉवेल टाकायला शिकतो, आणि इतरजण नजर वळवायला. जोडीदाराला विचारण्याची पूर्ण मुभा आहे. ते सर्वांना ठाऊक होते, आणि कोणीही विचारत नव्हते.

कर्णधार टकवेलला मी वही दाखवली.

"त्यांना सांग," मी म्हटले.

"तीनदा सांगितलं. हो म्हणतात, आणि टॉवेल टाकतात."

तेव्हा संध्याकाळी मी सहाही टॉवेल धुण्यासाठी म्हणून गोळा केले.

"टॉवेल कुठंयत, नेव्ह?" सकाळी हेमिशने विचारले.

"ओले आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा कपडे धुतले," निको म्हणाला, "आणि पिळायला विसरला."

पहिले चार खड्डे हेमिश उघड्या बॅगेवर पंजा ठेवून चालला. त्या चारांत ते दोन खड्ड्यांनी मागे पडले. पाचव्यावर निकोची नजर चुकून क्लबांवर गेली.

"इथून सात नंबर? मी नऊ मारला असता."

नंबर लहान तितका क्लब चेंडू लांब नेतो; म्हणजे हेमिशचा जोर कमी पडत होता. त्याचे कान लाल झाले. "तू पंचविशीचा आहेस, लेका. माझ्या वयाला ये, मग बघू."

दोघेही हसले, आणि तिथून पुढे बोलत राहिले. सतराव्या खड्ड्यानंतर सामना बरोबरीत आला होता.

शेवटच्या, अठराव्या खड्ड्यावर निकोचा पहिला फटका सरळ गेला. दुसरा हेमिशचा. लांब क्लबने त्याने चेंडू झेंड्याभोवतीच्या हिरवळीजवळ नेला असता. लोक त्याचीच वाट पाहत होते. क्लब हातात घेऊन तो थांबला.

"तुला कितीवर हवा?"

"शंभरावर," निको म्हणाला. "सत्तरावरून मला धडकी भरते."

"दोन वर्षं मी तुला सत्तरावरच देत आलोय."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलं नाहीस."

हेमिशने लांब क्लब परत ठेवून छोटा घेतला. दोरीमागे कोणीतरी म्हणाले, "भ्याला ऑर." चेंडू झेंड्यापासून शंभर मीटरवर थांबला. निकोचा फटका उंच गेला, एकदाच टप्पा घेऊन खड्ड्यापासून पाच फुटांवर स्थिरावला. न्यूझीलंडच्या जोडीचे पाच फटके झाले होते; हेमिशचा चेंडू आत गेला तर आमचे चार.

त्याने सावकाश मारले. चेंडू खड्ड्याच्या कडेला क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. हेमिश तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. निकोने खड्ड्यातून चेंडू काढून त्याच्या खिशात घातला.

उरलेल्या सामन्यांत आम्ही अर्ध्या गुणाने मागे पडलो आणि ढाल पाचव्यांदा गेली. मंडळाला मी लिहून दिले, की क्लबांत दोष नाही.

निघताना हेमिश गाडीत बॅग ठेवत होता. घडी घातलेले सहा टॉवेल घेऊन मी गेलो.

"वाळले का?"

"वाळले. तुझा कोणता?"

त्याने सहाच्या सहा उचलले आणि मागच्या सीटवर टाकले.

"गाईंची आचळं पुसायला होतील," तो म्हणाला.